होडी, खाडी आणि माझ्या नाड्या

ज्या माणसाकडे साधी सायकल नाही त्याने होडी बाळगू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

पण होडी मी घेतली नव्हती. ती आली. एका सकाळी घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगच्या आवारात कौलांचा ट्रक शिरला. वर दोरखंडांनी करकचून बांधलेली, 'सातेरी प्रसाद' असं नाव रंगवलेली होडी आणि ड्रायव्हरशेजारी आमचे आबा. आबा म्हणजे माझे वडील. धाकट्या भावाच्या तेराव्याला मालवणला गेले होते. काकाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा त्याची होडी आबांकडे आली. लोक तेराव्याहून परतताना फार तर नारळ आणि कोकमं आणतात. आबा 'सातेरी प्रसाद' घेऊन परतले.

मी विचारलं, "ही ठेवायची कुठे?"

"होडी खय ठेवतत? पाण्यात."

घाटकोपरला आमच्याकडे पाणी सकाळी तासभर यायचं, आणि तेही नळाला.

तेव्हा होडी आवारातच राहिली. सुरुवातीला शेजाऱ्यांना कौतुक वाटलं. बायका तिच्यात गोधड्या वाळत घालू लागल्या, पोरं तिच्यात बसून कोलंबोला जाऊन येऊ लागली. मग एका कुत्रीने तिच्यात पिल्लं घातली आणि बिल्डिंगच्या कमिटीने मला बोलावून घेतलं. आवारात वाहन उभं करायला त्यांची हरकत नव्हती, पण होडी वाहनात मोडते का यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी, मोडत असो वा नसो, ती हलवा, असं ठरलं.

मी होडी विकून मोकळा झालो असतो. पण आबांकडे बघवेना. त्यांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून ते खिडकीशी बसायचे, समोरच्या भिंतीकडे बघायचे, आणि दिवसाकाठी दोन वेळा 'हं' म्हणायचे. होडी आली आणि हा माणूस सकाळी उठून तिला तेलपाणी करू लागला, खरवडू लागला, चक्क गुणगुणू लागला. मला फार बरं वाटायचं ते बघून. (मी अर्थात तसं बोललो नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.) कमिटीचा निर्णय सांगितल्यावर आबांनी शांतपणे खरवडणी खाली ठेवली.

"होडयेक जागा गावली नाय तर तसा सांग," ते म्हणाले. "मी तिका घेऊन गावाक जातंय. थय आमका दोघांकय जागा आसा."

हे ऐकून माझी बायको सुमन स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसू लागली. घरात तिचं जेवण आधी वास न घेता खाणारे आबा एकटेच होते.

आता मला हे सांगायला हवं की मी थोडा संशयी आहे. एका विमा कंपनीत आलेल्या दाव्यांची छाननी करण्याचं माझं काम होतं. आग खरंच लागली की लावली, चोरी खरंच झाली की केली, हे शोधून काढण्याचा मला पगार मिळायचा. बारा वर्षं हे केल्यावर दूधवाला हसला तरी मी दूध उकळून बघतो. घर शोधायला माझ्याइतका लायक माणूस उभ्या मुंबईत सापडला नसता.

लोक घर घेताना स्टेशन बघतात, शाळा बघतात, मंडई बघतात. आम्ही पाणी बघायला निघालो. आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की, या शहरात माझ्याहून संशयी माणसं पुष्कळ आहेत. ते दिवस असे होते की पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या खाडीत सोन्याची बिस्किटं, घड्याळं नाहीतर व्हिडिओ उतरल्याची बातमी असायची. अशात एखादा माणूस दारात उभा राहून 'खाडीला लागून घर हवंय, आमच्याकडे होडी आहे' असं म्हणाला की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलायचा.

भांडुपला एका घरमालकाने मला आपादमस्तक न्याहाळलं. होडी स्वतःची का, म्हणून विचारलं. हो म्हटलं. नोकरी काय, म्हणून विचारलं. कारकून म्हटलं. "बरं बरं," असं म्हणत त्याने इतक्या हळू दार लावलं की मला साखळी घातल्याचा आवाज आल्यावर कळलं की भेट संपली. शिवाय तिथे खाडी होती ती मिठागरांच्या पार पलीकडे. होडीपर्यंत जायला बस लागली असती.

वर्सोव्याला उलट झालं. होडीचं नाव काढताच मालकाने खिडक्या लावल्या, पंखा सोडला, थंड पेय मागवलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून, पुतणीच्या लग्नात द्यायला एक टू-इन-वन मिळेल का, असं अत्यंत आदराने विचारलं. मी म्हटलं की अहो, मी विमा कंपनीत आहे. तो डोळा मारून म्हणाला, "असली आदमी कभी कबूल करता है क्या?" मी जितकं नाही म्हणत गेलो तितका त्याचा माझ्यावरचा विश्वास वाढत गेला. मला मात्र तो पोलिसांचा खबऱ्या वाटला. मी थंड पेय तसंच टाकून मागल्या दाराने निघून आलो, आणि त्यामुळे त्याची उरलीसुरली शंकाही फिटली असणार.

शेवटी बोरिवलीला गोराईच्या खाडीकाठी एका नव्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांचा ब्लॉक निघाला. मागच्या कंपाउंडच्या भिंतीला पाणी थडथड लागत होतं. तिवरांच्या फांद्या पाण्यात बुडालेल्या, दोन बगळे, वारा. इतकं चांगलं घर रिकामं का, म्हणून मी लगेच सावध झालो. तीन वेळा जाऊन तपासणी केली. नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या, संडासाच्या साखळ्या ओढून पाहिल्या, वॉचमनला बाजूला घेऊन इथे कुणी मेलंबिलं होतं का तेही विचारलं. सगळं चोख. फक्त घर दाखवणारा एजंट दर खेपेला वेगळीच वेळ द्यायचा. एकदा भल्या सकाळी, एकदा ऐन जेवणाच्या वेळी, एकदा चार वाजता. मला वाटलं, माणूस कामात असेल. आबांना मी मुद्दाम नेलं नव्हतं, कारण ते पहिल्याच घराला हो म्हणाले असते.

खटकलं ते एकच. सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर, कपाळाला गंध, हातात ब्रीफकेस, आवाज असा की नुसतं 'नमस्कार' म्हणाले तरी प्रवचन वाटावं. मी भीत भीत होडीचा विषय काढला. आता दार लागणार किंवा थंड पेय येणार, अशा तयारीत मी होतो. जोगळेकर हसले.

"वडील मासेमारी करतात का, परब?" त्यांनी विचारलं.

थोडी हौस आहे, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी भिंतीला होडी बांधायची परवानगी जागच्या जागी लिहून दिली. आजवरच्या आयुष्यात मला कोणी जागच्या जागी काही दिलेलं नव्हतं. मी तो हसरा चेहरा मनात नोंदवून ठेवला.

आम्ही राहायला आलो. पुन्हा ट्रक झाला. घाटकोपरच्या शेजाऱ्यांनी होडीला ओवाळून निरोप दिला (आम्हाला नाही). नव्या घरातली पहिली रात्र झाली, सकाळी मी चहाचा कप घेऊन ऐटीत मागच्या गॅलरीत आलो, आणि समुद्र नव्हता.

खरंच नव्हता. नजर जाईल तिथवर काळा रेंदा, त्यात भोकं, भोकांतून डोकावणारे खेकडे आणि मधोमध कलंडून पडलेली आमची सातेरी प्रसाद. मी ओरडतच आत गेलो. आबा बाहेर आले, त्यांनी एकदा चिखलाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"त्येका ओहोटी म्हणतत," ते म्हणाले आणि चूळ भरायला गेले.

तेव्हा कुठे मला त्या एजंटच्या बदलत्या वेळा कळल्या. लबाडाने तिन्ही वेळा भरती गाठून घर दाखवलं होतं. मी टाकीत पाणी आहे का ते पाहिलं, समुद्रात आहे का ते विचारलंच नव्हतं. मालवणी माणसाचा मुलगा असून! त्या दिवसापासून मी ठरवलं, आता कुणावर म्हणजे कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

आबांची मात्र चंगळ झाली. पाणी भिंतीला लागलं की होडी घेऊन जायचे, पाणी उतरायच्या आत परत यायचे. पण माझं लक्ष गेलं ते त्यांच्या वेळांकडे. सरळ माणूस कामावर रोज एका वेळेला जातो. आबा आज पहाटे गेले तर उद्या त्याहून थोडे उशिरा, परवा आणखी उशिरा. पाळत ठेवणाऱ्याला चुकवायचं तर माणूस नेमकं हेच करील. शिवाय निघण्यापूर्वी ते भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन तिथी बघायचे आणि सुमनला म्हणायचे, "आज पंचमी." सुमन मान डोलवायची. आता, देवधर्म न करणाऱ्या माणसाला पंचमी कशाला हवी? हा सांकेतिक निरोप होता.

मग जोगळेकर. रविवारी आबा परतले की जोगळेकर ब्रीफकेस घेऊन मागच्या भिंतीशी हवा खायला यायचे. आबा गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओलं गाठोडं वर द्यायचे, ते ब्रीफकेसमध्ये जायचं, आणि जोगळेकर ऑफिसला निघायचे. रविवारी! रुमालाला अत्तर लावून! त्या हसऱ्या चेहऱ्याचं कोडं मला उलगडू लागलं.

आणि मग माझ्या नाड्या. माझ्या पायजम्यांच्या नाड्या एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या. सुमनला विचारलं तर म्हणायची, धुण्यात जातात. आजवर धुण्यात बटणं जातात हे मी ऐकलं होतं, पण आख्खी नाडी कुठे जाते? आणि पाठोपाठ माझी उशी? एक दिवस मी ऑफिसातून लवकर आलो तर सुमन आणि आबा मोरीत पाठमोरे बसून कसलीशी गाठ मारत कुजबुजत होते. मला बघताच सुमनने बादलीवर ताट झाकलं.

त्या रात्री मी जेवलो नाही. वडील चोरटा माल आणतात, बायको तो बांधून देते, सेक्रेटरी पोचवतो. आणि घर माझ्या नावावर! उद्या धाड पडली तर हातकड्या कुणाला? आबा या वयात कोर्टात उभे राहिलेले मला डोळ्यांसमोर दिसू लागले. माझी छाननी खरी ठरू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. पण छाननी म्हणजे छाननी. पुरावा हवा.

पुढच्या रविवारी मी गॅलरीतल्या बोचक्याआड बसून सगळं पाहिलं. आबा आले, जोगळेकर आले, गाठोडं ब्रीफकेसमध्ये गेलं, पण सोसायटीच्या कामासाठी कुणीतरी थांबवल्याने जोगळेकरांचं ऑफिस त्या दिवशी लांबलं. आबांनी होडीत ताडपत्रीखाली आणखी काहीतरी झाकून ठेवलं आणि वर येऊन आंघोळ करून आडवे झाले. दुपारकडे पाणी उतरलं. मी पायजम्याला सेफ्टी पिन लावली (नाडी होती कुठे?) आणि मागच्या भिंतीवरून खाली उतरलो. लांब दोराने बांधलेली होडी हाकेच्या अंतरावर होती.

पहिली दोन पावलं घोट्यापर्यंत गेली. पुढची दोन गुडघ्यापर्यंत. त्यानंतर पावलं मोजायची गरज उरली नाही, कारण पाय निघेचना. मी जोर केला तसा आणखी खाली गेलो. मांडीपर्यंत रुतल्यावर मी थांबलो आणि बगळे बघत असल्याचा आव आणला.

पण बोरिवलीत तेव्हा रविवारी दुपारी दुसरं बघण्यासारखं काही नसायचं. एकेक गॅलरी भरू लागली. परब तिथे काय करताहेत, म्हणून विचारणा सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं की ते चिखलात काहीतरी पुरत आहेत. दुसरं कुणी म्हणालं, मला पहिल्यापासून संशय होता, होडीवाला कारकून कुठे असतो का? मी आयुष्यभर लोकांवर घेतलेला संशय व्याजासकट माझ्यावर परत येत होता, आणि नेमके त्याच क्षणी बिल्डिंगच्या कोपऱ्यावरून जोगळेकर ब्रीफकेस घेऊन फाटकाकडे निघालेले मला दिसले.

माझा तोल गेला. (मनाचा. शरीर हलणं शक्यच नव्हतं.)

मी सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा ओरडलो, "जोगळेकर, ती ब्रीफकेस उघडा! सगळ्यांसमोर उघडा!"

जोगळेकर जागच्या जागी थिजले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जोगळेकरकाकू वाकल्या. त्या मोठ्या सोवळ्या बाई. रोज पहाटे त्यांच्या स्तोत्रांनी बिल्डिंग जागी व्हायची. "उघडा ना हो," त्या वरून म्हणाल्या. "ऑफिसचे कागदच आहेत ना? घाबरता कशाला?"

जोगळेकर म्हणाले की किल्ली हरवली आहे. एवढ्यात ब्रीफकेस त्यांच्या हातात आपोआप थरथरली. त्यांनी दचकून ती सोडली, ती कोपऱ्यावर आपटली, झाकण उघडलं आणि आतून डझनभर काळे, हिरवट, ताटाएवढे खेकडे बाहेर पडले. सगळ्यांच्या नांग्या नीट बांधलेल्या. माझ्या नाड्यांनी.

लाल काठाची, पांढरी, ती निळ्या पट्ट्यांची जी मी भाऊबिजेला मिळाली म्हणून जपून वापरायचो. सगळ्या मी चिखलातून ओळखल्या. एका खेकड्याची नाडी सुटली होती. तो ती मागे फरफटवत जोगळेकरांच्या अंगावर चालून गेला आणि ते मीटरच्या खोलीत शिरले.

गलक्याने आबा उठून खाली आले. त्यांनी वॉचमनच्या केबिनमागची शिडी आणली, चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर पालथे सरपटत माझ्यापर्यंत पोचले आणि माझ्या बगलेत हात घातले. आबांनी ओढलं. मी निघालो. पायजमा निघाला नाही. सेफ्टी पिन शेवटी सेफ्टी पिन, तिच्यावर किती विसंबायचं! सगळ्या सोसायटीच्या साक्षीने मी शर्टाची टोकं दोन्ही हातांनी खाली ओढत शिडीवरून परतलो.

"पण आबा, रोज वेगळ्या वेळेला का जायचात?" मी धापा टाकत विचारलं.

"चंद्र रोज उशिरा उगवता, पाणी रोज उशिरा चढता," आबा म्हणाले. "तिथी बघून जावचा लागता. मी काय समुद्राक तुझ्या हापिसाची येळ लावू?"

ताडपत्रीखाली छत्री होती आणि माझी हरवलेली उशी.

मग सगळं बाहेर आलं. जोगळेकरांना खेकड्याचं कालवण जीव की प्राण. घरात ते शक्य नव्हतं, म्हणून दर रविवारी ऑफिसच्या नावाखाली कांदिवलीला एका मित्राकडे जाऊन शिजवून खायचे. होडी म्हणताच ते हसले होते ते यासाठी. सुमनला सगळं माहीत होतं. मला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही त्या खेकड्यांचीही उलटतपासणी घेतली असती."

संध्याकाळी जोगळेकरांनी फळ्यावर सूचना लावली. सोसायटीच्या भिंतीला बांधलेली खाजगी होडी तातडीने हलवावी. सही वाकडी आली होती, हाताला खेकडा चावला असावा.

आबांनी सूचना वाचली. वर येऊन त्यांनी वल्ही पुसली, गोणपाटात गुंडाळली, ट्रंक काढली आणि खिडकीशी जाऊन बसले. मी त्यांना चहा नेऊन दिला. "हं," ते म्हणाले. तो 'हं' मी ओळखत होतो. घाटकोपरच्या भिंतीसमोरचा होता तो. मला रडू आलं, आणि आमच्या घरात तशी पद्धत नसूनही मी रडलो. म्हटलं, आबा, जाऊ नका, मी जोगळेकरांच्या पाया पडतो. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चिखल अजून नीट धुतला नसल्याचं सांगितलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात जोगळेकरकाकू. मी सुमनच्या मागे झालो.

काकू सरळ आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला नाक नाही असं ह्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "रविवारी ऑफिस, रुमालाला अत्तर, परत आले की दोन वेळा आंघोळ. कित्येक महिने मी झुरतेय. मला वाटलं, बाहेर कुणीतरी बाई आहे. आज ती पेटी उघडली आणि खेकडे निघाले, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली हो." त्यांनी पदराने डोळे टिपले. "होडी कुठे जायची नाही. ती सूचना मी फाडली. ह्यांना काय खायचं ते तुमच्याकडे बसून उघड खाऊ देत, नवरा कुठे आहे ते मला गॅलरीतून दिसेल."

आबा उठून उभे राहिले. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना हात जोडताना पाहिलं.

"पण माझी एक अट आहे," काकू म्हणाल्या आणि प्रथमच माझ्याकडे वळल्या. "होडी बाहेर गेली की ह्याला किनाऱ्यावर एकटा सोडायचा नाही. बरोबर न्यायचा. याचं डोकं रिकामं राहिलं तर बिल्डिंगमधला एकही संसार टिकायचा नाही."

आबा आणि सुमन एका सुरात हो म्हणाले.

मला पोहता येत नाही. होडी हलली की पोट ढवळतं. तरी त्यानंतर प्रत्येक रविवारी, तिथीप्रमाणे, मी होडीच्या दोन्ही कडा धरून आबांसमोर बसू लागलो. आबा वल्हवायचे, गुणगुणायचे. परत येईपर्यंत भिंतीशी सुमन, जोगळेकर आणि काकू वाट बघत उभे असायचे. आधी खेकडे सांभाळून वर घ्यायचे, मग मला. एकदा खाकी कपड्यातले दोघे चौकशीला आले आणि वॉचमनला विचारू लागले की या होडीतून काय उतरतं. तो म्हणाला, "कुछ नहीं साब. खेकडे और परब."

त्यांनी खेकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झडती घेतली ती माझी, कारण मी एका हाताने पायजमा धरून उभा होतो.